‘पारंपरिक’ म्हणजे कोण रे बाळ्या?

चि. बाळ्या,
आशीर्वाद.

फोन केला की तू "पप्पा, मिक्सिंगला बसलोय, नंतर बोलतो" म्हणतोस आणि ते नंतर काय येत नाही, म्हणून टाईप करायला बसलोय. तुझी आई म्हणतीय सकाळी लिहा, पण झोपच येईना. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस, हा फोन आपण एक लिहिलं की स्वतःच्या मनाचं दुसरंच छापतो.

पाठवलेली आठही गाणी ऐकली, हेडफोन लावून, माळ्यावर बसून. मागच्या दोन अल्बमपेक्षा लई भारी झालंय, उगाच बाप म्हणून सांगत नाही, मागचा दुसरा मला आवडला नव्हता हे तुला माहितीय. संबळाखाली गिटार वाजतंय ते गाणं तर तीनदा लावलं. तंबोरा मिरजेवरनं आणलास ते बेस केलंस. मोबाईलमधला तंबोरा म्हणजे टीव्हीतला पाऊस, दिसतो पण अंग भिजत नाही. त्या गल्लीत तुझ्याबरोबर मी पण बसलोतो ना, तो म्हातारा जवारी काढत होता, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत होता, जरा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायचं, दीड तास एका शब्दानं बोलला नाही. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावायचे, राजेरजवाडे गेले तशी तलवारींची कामं आटली आणि हात तंबोऱ्याकडं वळले. दीडशे वर्षं तंबोरे देशभर गेले, पण मिरजेचं नाव सरकारी कागदावर चढायला, ते जीआय का काय म्हणतात ते मिळायला, २०२४ उजाडलं. हे नावाचं मी मुद्दाम काढलंय, पुढं कळेल.

आता कामाचं. गाण्यांबरोबर तू ती यादी पाठवलीयस ना, कुठल्या गाण्याला गायक कोण, गीतकार कोण, वाजवलं कुणी. मी आयुष्यभर मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी होतो, यादी दिसली की आधी ती वाचतो, गाणं नंतर. चौथ्या गाण्यात तो मिरजेचा रॅपर पोरगा आहे, त्याच्या सोळा ओळी, गीतकार म्हणून त्याचं नाव. बरोबर आहे. सहाव्यात पुण्याची मुलगी, तिनं दोन कडवी लिहिली, तिचं नाव. तेपण बरोबर. आणि सातवं, तुझ्या आत्याचं, आक्काचं. गायिका म्हणून आक्का, आणि गीत: पारंपरिक.

हा पारंपरिक कोण रे? कुठल्या गावचा?

तू म्हणशील पप्पा, ओवी आहे, जात्यावरची, बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. चालीचं मान्य. चाल तिच्या सासूकडनं आली, सासूला तिच्या आईकडनं, ती कुणाच्या बापाची नाही. पण शब्द? हे बघ काय गातीय ती:

रस्ता गेला बाई दूर, खडी माझ्या गं हातानी
मोटारी जातील वरनं, मी चालीन पायानी

हे कुठल्या परंपरेत आहे सांग. ७२ च्या दुष्काळातलं आहे हे. आक्का तेव्हा सतरा वर्षांची, नुकतंच लग्न झालेलं आणि सासरच्यांनी पाऊस पडंस्तवर माहेरी आणून सोडलेली, मी आठ वर्षांचा. गावाच्या शिवेवर खडी फोडायचं काम निघालंतं, ती आणि आई जायच्या, मी बाभळीखाली बसायचो कारण दुपारी सुकडी मिळायची आणि घरात तांबड्या मिलोशिवाय काय नव्हतं. तिच्या हाताला चिंध्या बांधलेल्या असायच्या. रात्री तेच हात जात्यावर, आणि तिथं ती हे जुळवायची, एक ओळ आज, एक उद्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलंय. म्हणजे साक्षीदार आहे मी, कोर्टात बोलवलंस तरी येतो.

आणि तू स्वतः बघितलंस की. एप्रिलात घरी रेकॉर्डिंग केलंस, भिंतींना गाद्या लावल्या, फ्रिज बंद, पंखा बंद, सगळे घामानं निथळतायत आणि तुझं ते तालाचं टकटक तिच्या कानात लावलंस. म्हातारी पार गडबडली. दोन शब्द म्हणायची आणि थांबायची, म्हणायची ह्यो पोरगा माझ्या डोक्यात खिळं ठोकतोय. मग तूच ते काढलंस आणि शेजारच्यांचं जातं आणून मांडलंस. ओवीला मात्रा दगडाची असते बाबा, फेरा जड गेला की ओळ लांबते, हलका झाला की पटकन मिटते. एकटीला ओढवेना म्हणून समोर मी बसलो. तिचा हात खुंट्यावर, त्याच्यावर माझा, बावन्न वर्षांनी. तू काचेपलीकडं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या दारात, बोटानं मस्त मस्त करत होतास, तुला ते टेक दिसत होतं. मला काय दिसत होतं ते जाऊदे.

(तिचं सुरवातीचं खाकरणं काढून टाकलंयस. तीस सेकंद ऐकलं तरच प्ले धरतात म्हणून लवकर गाणं सुरू करायचं हे तू सांगितलंस, मला पटलं. पण ते खाकरणं दीड सेकंदाचं पण नव्हतं. बघ जमलं तर.)

आटपाडीच्या धनगरांच्या गाण्याला पारंपरिक लिहिलंयस, तिथं माझी तक्रार नाही, ते स्वतःच म्हणाले आमच्या गुरूच्या गुरूपासनं हेच चालत आलंय. तिथं मंडळाचं नाव दिलंस, ढोलवाल्याचं वेगळं दिलंस, छान. पण सगळं जुनं वाटणारं एकाच पोत्यात भरू नकोस. यार्डात शेतकरी अर्धं पोतं हळद घेऊन आला तरी पट्टीवर आधी त्याचं नाव पडतं, मग वजन, दर, हमाली, तोलाई. नाव न टाकता पट्टी केली तर मालकानं मला उभा केला नसता. आपल्या जिल्ह्यातल्या रेठऱ्याच्या कुलकर्ण्याचा पोरगा घरदार सोडून तमाशात गेला, त्याला जगानं काय काय सुनावलं, पण लावणीत पठ्ठे बापूराव हे नाव घातल्याशिवाय त्यानं ती सोडली नाही. जनाबाईनं तर दळता दळताच नाव घातलं. आक्काला ते सुचलं नाही, तिला वाटलं ऐकणारा मी एकटाच आहे.

तुझं पहिलं गाणं एका कंपनीनं कसं घेतलं ते आठवतंय का? तू तेव्हा जेवला नव्हतास दोन दिवस. नंतर तूच मला सांगितलंस की २०१२ ला कायद्यात बदल झालाय, गाणं दुसऱ्याला लिहून दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा काढून घेता येत नाही. मला तेव्हा लई अभिमान वाटला, पोरगं कायदा बोलायला लागलं. आता तू त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलायस एवढंच ध्यानात घे. मुद्दाम केलंयस असं म्हणत नाही मी, घाईत केलंयस. पण त्या कंपनीतला माणूसपण घाईतच होता.

तेव्हा असं लिही, शब्द आक्काचे, चाल पारंपरिक, संगीत तुझं. आणि तिला सही करायला तो इंग्रजी पाच पानांचा कागद पाठवलायस तो मी तिच्यापुढं ठेवलेला नाही. मराठीत एक पान कर, वाटा किती, पैसे कधी, कुठल्या खात्यात. मी वाचून दाखवतो आणि मग ती अंगठा करेल. ओवीचे फार पैसे येणार नाहीत हे मला कळतंय, एका प्लेचे काही पैसेच पडतात असं तूच म्हणतोस. चाळीस रुपये आले तर चाळीसातले दे.

शुक्रवारी निघणार म्हणतोयस, म्हणजे यादी लगेच बदलावी लागेल, एकदा वर चढलं की दुरुस्तीला वेळ लागतो म्हणालातास.

एक राहिलं. नाव कुठलं लावायचं म्हणून मी आज तिला विचारलं. आधी म्हणाली कशाला माझं नाव, लोकं हसतील. मग तासाभरानं फोन आला, नातीकडनं लावून घेतला असणार. म्हणाली, लग्नात बदललेलं नको, ते रेशनकार्डावर हाय तेवढं बास. खडी फोडायला जाताना मुकादम जे नाव पुकारायचा ते लाव.

ते नाव आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. वेगळ्या मेसेजमधे पाठवतो, ऱ्हस्व-दीर्घ नीट बघून घे.

पप्पा