पैसे घेतले नाहीत, म्हणून हे पत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

मी ५०० ची नोट पुढे केली तेव्हा मिक्सरमधून मान वर न काढताच तुम्ही म्हणालात, "पोरीला खाऊ घेऊन द्या." वर, नाव कुठे लिहू नका, असंही बजावलंत. नाव लिहीत नाही. पण पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानात आम्ही काय शिकलो, ते चार लोकांना कळू दे.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला रेषेवरून चालणारा रोबो करायचा होता. पुण्याच्या तापकीर गल्लीतून सामान आणलं: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकुमानं मोटरींना वीज देणारा), चाकांसाठी दोन पिवळ्या बीओ मोटरी, दोन आयआर सेन्सर (डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड टाकणारे, आणि तो परत आला की आपला दिवा लावणारे), नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पुढे एक कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारं चाक. खाली पाट म्हणून माझ्या जुन्या डब्याचं झाकण. चाकं हवेत धरली की झकास फिरायची. जमिनीवर ठेवलं की बोर्डाचा दिवा मिणमिणायचा आणि सगळं थंड. चूक प्रोग्रॅममध्येच असणार, या खात्रीनं मी दोन रात्री त्याच्याशी झटापट केली.

खरं सांगते, तुमच्याकडे आलो तेव्हा रोबो ठेवून जायचा आणि संध्याकाळी नीट झालेला न्यायचा, असा माझा बेत होता. तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. व्होल्ट मोजायचा मीटर लेकीच्या हातात दिलात. "बॅटरीवर लाव, आणि चाक बोटानं दाबून धर." नऊ व्होल्टवरचा आकडा धाडकन खाली आला. "प्रोग्रॅमला कशाला बोल लावता? पोट रिकामं आहे त्याचं." तशीच चौकोनी बॅटरी तुमच्या मीटरमध्येही आहे आणि तिथे ती महिनोन्‌महिने पुरते, कारण मीटरला प्रवाह लागतो जेमतेम. मोटरी सुरू होताना जो झटका मागतात, तो तिला झेपत नाही. मग तुम्ही पुठ्ठ्यावर हिशोब मांडलात: १८६५० चे (पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे) दोन सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट, त्यातले दीड-दोन ड्रायव्हरच खाणार, उरलेल्या साडेपाच-सहावर बीओ मोटर खुशाल चालते. तो पुठ्ठा आमच्या फ्रिजवर चिकटवलाय.

रोबो चालू तर लागला, पण रेघ ओलांडून सरळ भिंतीकडे. मला वाटलं, सेन्सर गेले. तुम्ही लेकीला मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून सेन्सरकडे बघायला लावलंत. जांभळट ठिपका दिसला, म्हणजे तो उजेड टाकत होता. मग तिनं सेन्सर हातात धरून कार्डशीटवर हळूहळू सरकवला. पांढऱ्यावर त्याचा दिवा लागलेला. काळ्या मार्करच्या रेघेवरही लागलेलाच! तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त इन्सुलेशन टेपचा एक तुकडा कागदावर चिकटवलात. टेपवर आल्याबरोबर दिवा विझला.

"आई, त्याला आपली रेघ दिसतच नाहीये!"

तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. आमच्या मार्करची शाई आपल्या डोळ्याला काळीकुळकुळीत, पण सेन्सरचा अवरक्त उजेड तिच्यातून आरपार जाऊन खालच्या पांढऱ्या कागदावरून परत येत होता. हे तुम्ही पहिल्या मिनिटाला ओळखलं असणार. गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना पाऊण तास थांबून ते तिला सापडू दिलंत, आभार मुख्यतः त्या पाऊण तासाचे. मी असते तर उत्तर सांगून मोकळी झाले असते. अभ्यासाला बसवताना मी रोज तेच करते.

घरी दुपारी गॅलरीतल्या उन्हानं पुन्हा घोळ घातला, उन्हातही अवरक्त असतंच. या वेळी मला कुणी विचारलं नाही. तिनं पडदा ओढला, सेन्सरवरचा निळा प्रीसेट (तो किती उजेडाला दाद देईल ते ठरवणारा स्क्रू) अर्धा आटा फिरवला, पांढऱ्यावर दिवा, टेपवर अंधार, असं दोनदा तपासलं आणि रोबो सोडला. वळणावर थोडा डुलतो, सोफ्याजवळ अजून चुकतो, पण फेरी पूर्ण करतो.

प्रीसेट फिरवायला दिलेला तुमचा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आमच्याकडेच राहिलाय. शनिवारी ती स्वतः आणून देईल. सोबत चकल्या आहेत, त्यांना नाही म्हणू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी