आठवणी फक्त चाळीच्याच नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या चाळींच्या आठवणी वाचल्या, मजा आली. मुलगा अमेरिकेत पोर्टलंडजवळ असतो, मागच्या वर्षी सहा महिने तिकडे होतो तेव्हा व्हॅनपोर्टच्या जुन्या रहिवाशांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी ऐकल्या, त्याच आठवल्या. व्हॅनपोर्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, हेन्री कैसर या उद्योगपतीच्या शिपयार्डच्या (जहाजं बांधायच्या कारखान्यांच्या) कामगारांसाठी कोलंबिया नदीकाठच्या पाणथळ जागेत घाईघाईत उभारलेली वस्ती, ४० हजारांच्या वर माणसं, ऑरेगनमधलं दोन नंबरचं शहर! दुमजली लाकडी इमारती, एकेका इमारतीत १४ घरं आणि भिंती अशा की शेजाऱ्याची शिंक इकडे ऐकू यायची. शिपयार्डची पाळणाघरं चोवीस तास चालायची आणि शिफ्ट संपली की आईला पोराबरोबर शिजवलेलं जेवणही घरी न्यायला मिळायचं (आपल्याकडे आज तरी कुठे मिळतं?). काळ्यांना घरं वेगळ्या भागात द्यायचे पण शाळा एकच, त्यामुळे पोरं एकत्र वाढली, म्हातारे झाले तरी सगळे हेच सांगतात.

नदीला पूर आला होता आणि ३० मे १९४८ ला सकाळी दारोदार चिठ्ठ्या वाटल्या की बंधारे सध्या सुरक्षित आहेत, गरज पडली तर सांगू, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला बंधाऱ्याचं काम करणारा रेल्वेचा भराव फुटला. पक्का पायाच नव्हता, इमारती अक्षरशः तरंगत निघाल्या. १५ माणसं गेली, साडेअठरा हजार बेघर. हे ऐकताना मला १२ जुलै १९६१ च आठवत होतं, पानशेत फुटलं त्या सकाळी आमचे वडील सायकल काढून लकडी पुलावर पाणी बघायला गेले होते, आई दारात उभी.

माझं म्हणणं एवढंच की असं रेकॉर्डिंग आपण का करत नाही? आजोबा खडकीच्या हाय एक्सप्लोझिव्ह्ज फॅक्टरीत होते, ती १९४० ला सुरू झाली. आत्याचं सगळं लहानपण तिथल्या क्वार्टर्समधे गेलं, युद्धाच्या ब्लॅकआउटसाठी काचांना लावलेले काळे कागद, भोंग्यावर चालणारं घर, नळावर कोणाची बादली आधी यावरून रोजची भांडणं, सगळं तारखेसकट सांगते. ९१ वर्षांची आहे, कान गेलेत पण बोलायला लागली की थांबत नाही. तुमचा कोणी बातमीदार येणार असेल तर सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर ती झोपते.

एक वाचक, पुणे