निरोध मागितला म्हणून भर रांगेत अपमान: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. माझे मालक एचआयव्ही पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. गेल्या सोमवारी आम्ही दोघं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या आणायला सरकारी केंद्रावर गेलो. निरोधचा डबा पुन्हा रिकामा. खिडकीवर विचारलं, तर आतून मोठ्यानं आवाज आला, "एवढं होऊनही लागतात होय तुम्हाला?" रांगेतली माणसं हसली. ह्यांनी खाली घातलेली मान एसटीत बसेपर्यंत वर केली नाही.

साहेब, लागतात. आम्ही नवरा-बायको आहोत.

गावात मेडिकल एकच, तेही भावकीतलं. तिथं मागितलं तर दिवस मावळायच्या आत सासूबाईंच्या कानावर जाणार. ह्यांच्या गोळ्या बीपीच्या आहेत असंच त्यांना सांगितलंय. निरोध संपला की आम्ही वेगळे झोपतो. मग ह्यांची चिडचिड, माझं रडणं आणि सकाळी सासूबाईंचा प्रश्न, भांडण कशावरून झालं? काय सांगू त्यांना? हे कुठल्या सरकारी तक्त्यात भरता तुम्ही?

गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, सहा महिने दबलेला राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मला केंद्रावर कुणी सांगितलं नाही, रांगेतल्या एका बाईनं सांगितलं. लवकर उपचार दिल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली ज्या अभ्यासानं दाखवलं, त्यात पुण्यातलीही जोडपी होती. पुण्याहून जतला यायला एवढी वर्षं लागतात? आणि कळून तरी उपयोग काय? व्हायरल लोडचा रिपोर्ट मागितला की "अजून आला नाही." मग कुणाच्या भरवशावर निरोध बाजूला ठेवायचा? शिवाय गरमी-परमा असले गुप्तरोग काही ह्या गोळ्यांनी थांबत नाहीत.

एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्याला केंद्र सरकारनं १५ हजार ४७१ कोटी मंजूर केले. कुठं गेले? १ डिसेंबरला रॅली निघते, बॅनर लागतात, पुढाऱ्यांचे फोटो झळकतात. समुपदेशक ताई मात्र कंत्राटावर. तिच्या टेबलाला ना दार, ना पडदा. मागं माणसं उभी असताना अंथरुणातलं कसं बोलायचं? जतच्या वाट्याला कायमच हे. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्यासाठीसुद्धा २०२२ मध्ये आमच्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली, तेव्हा कुठं मंत्रालयाला जाग आली. आता नवरा-बायकोनं निरोधासाठीही राज्य बदलायचं का?

गोळ्यांबरोबरच निरोध द्या, न मागता. रिपोर्ट महिन्याच्या आत द्या. ताईला दार असलेली खोली द्या, दोघांना एकत्र बसवून बोलता येईल अशी.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं आमची ओळख गुप्त राहायला हवी, म्हणून नाव लिहीत नाही. खिडकीवर बसणाऱ्या माणसांना हा कायदा शिकवलाय का, याचं उत्तर मात्र जाहीर द्या.

आपली,
जत तालुक्यातील एक पत्नी