साहेब, मूळच्या म्हणजे नेमक्या कुठल्या?

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी पुण्यातील एका सरकारी कार्यालयात माझ्या घराच्या हक्काबाबत सुनावणी होती. वेळ सकाळी साडेदहाची दिली होती. माझे नाव पुकारले गेले तेव्हा पावणेतीन वाजले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी फाइल उघडली, माझे आडनाव दोनदा वाचले आणि विचारले, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी सांगितले, रास्ता पेठेतली. ते म्हणाले, "ते नाही हो, मूळच्या." माझा जन्म भवानी पेठेतला, 1979 साली लग्न होऊन मी रास्ता पेठेत आले आणि नाना पेठेजवळच्या एका शाळेत 31 वर्षे मुलांना मराठी शिकवले, हे मी सांगत होते, तेवढ्यात त्यांनी फाइलच्या समासात काही लिहिलेसुद्धा. बाहेर आल्यावर मी लिपिकाकडून तो शेरा वाचून घेतला. "अर्जदार परप्रांतीय. वास्तव्याचा पुरावा अपुरा."

हे पत्र त्या शेऱ्यामुळे लिहीत आहे आणि आपण दिलेल्या शब्दामुळेही. मागील विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात आपण आमच्या चौकात उभे राहून सांगितले होते की, पुनर्विकासात एकही जुना भाडेकरू पेठेबाहेर जाणार नाही. तेव्हा आमचा वाडा पाडून अडीच वर्षे झाली होती आणि आम्ही पेठेबाहेरच राहत होतो. तरी मी दोन बस बदलून आपल्या सभेला आले, कारण माझे यजमान अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांना आपले बोलणे घरी जाऊन सांगायचे होते. मी सांगितले. त्यांनी ते खरे मानले.

मंत्रिमहोदय, आमच्या पेठांत "मूळचे" या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसेल तर मी सांगते. रास्ता पेठेचे जुने नाव शिवपुरी. रास्ते सरदारांनी ती वसवली आणि पुढे त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. ज्यांच्या दरबारी हे सरदार होते ते पेशवेही कोकणातल्या श्रीवर्धनहून घाट चढून आलेले. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च 1792 चे आहे आणि त्याची जागा सवाई माधवरावांनी दिली, कारण पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते आणि त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. लष्करातले, म्हणजे कॅम्पातले, लाल देऊळ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, 1867 साली उभे राहिले. ते बांधणारे डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू होते, त्यांचे निधन याच पुण्यात झाले आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयात आजही अर्धे पुणे उपचार घेते. रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो हे 1921 चे सिनेगॉग बेने इस्राएल या ज्यू समाजाचे आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसे. त्यांना शनिवार तेली म्हणत आणि त्यांची घरची भाषा मराठीच. लष्कराच्या हिशेब खात्यात आणि रेल्वेत नोकरीला आलेली तमिळ कुटुंबे याच पेठेत बिऱ्हाड करून राहिली. आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, निजामाच्या राज्यातून करीमनगरकडून लहानपणी आले. ते हातमागावर लुगडी विणत. माझी आजी भवानी पेठेत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असे, हजारावर मजुरी मिळे आणि तेंदूच्या पानांच्या वासाने आमचे घर बारा महिने भरलेले असे.

आमच्या वाड्यात 19 बिऱ्हाडे होती. तळमजल्यावर बेने इस्राएल समाजातल्या दोघी बहिणी, त्यांच्या शेजारी घड्याळे दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ, पहिल्या मजल्यावर तमिळ कुटुंब, सातारकडचे दोन भाऊ आणि आम्ही, वर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे गोव्याचे एक काका. तळमजल्यावरच्या बहिणींनी नवस फेडला की भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घातलेला मलिदा प्रत्येक दारात वाटीने येई. नवरात्रात तमिळ मामी पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडत, सातारकर वहिनींकडे घट बसत आणि त्याच दिवसांत आमच्या घरी झेंडू आणि तेरड्याच्या फुलांचा बतुकम्मा, म्हणजे तेलंगणातल्या देवीच्या सणाचा फुलांचा मनोरा, रचला जाई. संध्याकाळी वाड्याच्या चौकात पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर होई. तो संपला की हत्तीचा पाट उचलून तिथेच आम्ही बतुकम्मा ठेवत असू आणि त्याच मुली, तेच हात धरून, तेलुगू गाण्यांवर पुन्हा फेर धरत. मामींच्या मुलीला आमची सगळी गाणी पाठ होती. खिरापत ओळखायचा खेळ मात्र एकच असे, दोन्ही फेरांना मिळून. हे सारे कोणी ठरवून केलेले नव्हते. चौक एकच होता, एवढेच त्याचे कारण.

मे 2022 मध्ये हा वाडा रिकामा केला. नवी इमारत 36 महिन्यांत उभी राहील आणि तोवर महिन्याला 12,000 रुपये भाडे मिळेल, असे विकसकाने स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. तो कागद नोंदणीकृत नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. भाडे 14 महिने आले आणि थांबले. त्याला आता 30 महिने झाले. माझ्या एकटीचे 3,60,000 रुपये आणि 19 बिऱ्हाडांचे मिळून 68,40,000 रुपये होतात. हा हिशेब मी तीन अर्जांत मांडला आहे, तिन्ही अर्जांवर आवक क्रमांक आहे आणि एकाचेही उत्तर नाही. वाड्याच्या जागी पत्र्याचे कुंपण आहे आणि आत पावसाचे पाणी साचलेला खड्डा.

आम्ही कोणाकडे जायचे होते? मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली. वाडा पडला तेव्हा आणि भाडे थांबले तेव्हाही महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, होते ते प्रशासक. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे घेऊन आपण शहराची हद्द वाढवली. त्यातल्याच एका गावात आज माझी भाड्याची खोली आहे. शहर बाहेरच्या बाजूने वाढत राहिले आणि ज्यांनी ते आतून जागते ठेवले त्या माणसांना उचलून कडेला नेऊन ठेवले गेले, आणि कडेला गेल्यावर आता तुम्ही आतले होता याचा पुरावा आणा म्हणून विचारणा होते आहे. भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि जुन्या भाडेकरूला मनमानीने घराबाहेर काढता येत नाही असे तो सांगतो. पण आम्हाला कोणी काढलेच नाही, आम्ही आश्वासनावर विसंबून आपल्या पायांनी बाहेर पडलो. जो भांडतो त्याला कायद्याचा आधार आहे आणि जो विश्वास ठेवतो त्याला नाही, अशी ही व्यवस्था आपण चालवत आहात.

पुराव्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे. मामंजींनी खोली घेतली तेव्हा व्यवहार तोंडी झाला. भाड्याच्या पावत्या आहेत, पण त्यांवर मामंजींचे नाव घरमालकाच्या दिवाणजीने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिले आहे, कारण तेलुगू नाव त्यांच्या कानाला नवे होते. माझ्या आजीने चाळीस वर्षे विड्या वळल्या, पण कारखान्याच्या वहीत तिचे नाव कधीच चढले नाही. ज्या काळात आम्हाला कागद द्यायला हवा होता त्या काळात तो कोणी दिला नाही आणि आज तोच कागद नाही म्हणून आम्ही परके ठरतो. मंत्रिमहोदय, ही चूक आमची नाही.

आणि ही चूक आजही, आमच्याच पेठांत, रोज नव्याने केली जात आहे. रविवार पेठेत सोन्याचे बारीक काम करणारी बंगाली मुले, हॉटेलांत राबणारी नेपाळी आणि बिहारी मुले आमच्या आसपासच्या मोडक्या वाड्यांत कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत आठ-दहा जण झोपतात, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच कॉटवर आडवा होतो. पैसे रोख घेतले जातात. भाडेकरार नाही, पावती नाही, पोलिसांकडे नोंद नाही, म्हणून गॅसजोडणी नाही आणि रेशनही नाही. आमच्या वाड्यातली माणसेही त्यांना "हे बाहेरचे आले आणि पेठ बिघडली" असे म्हणत असत; मीही म्हटले आहे आणि त्याची मला आज लाज वाटते. एप्रिल 2020 मध्ये पत्रे ठोकून पूर्वभागातल्या पेठा बंद केल्या गेल्या, तेव्हा आमच्या समोरच्या खोलीतली सहा मुले अकरा दिवस आमच्याच पोळ्यांवर होती, कारण ती कोणत्याच यादीत नव्हती. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटू लागल्या, त्यांतून ती गेली. जाताना त्यांतल्या एकाने माझ्या हातात खोलीची किल्ली दिली आणि म्हणाला, "काकू, परत येईन." तो मराठीत म्हणाला. तो परत आलाही, आणि आज त्याची मुलगी मराठी शाळेत दुसरीत शिकते आहे. आणखी तीस वर्षांनी कोणीतरी फाइल उघडून तिला विचारील, तुम्ही मूळच्या कुठल्या? तेव्हा दाखवायला तिच्याजवळ वडिलांच्या नावाची एक पावती तरी असेल का? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी या देशात 1979 साली कायदा झाला. त्या कायद्याखाली झालेली नोंद मी माझ्या आयुष्यात एकाही मुलाच्या हातात पाहिलेली नाही.

आपल्याजवळ आमची मोजदादही नाही. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत 31 लाख माणसे होती. 2021 ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात या पेठांतून किती बिऱ्हाडे उठली, किती नवी आली, कोण कोणती भाषा बोलते, यातले काहीही मोजलेले नसताना पुनर्विकासाचे आराखडे मात्र चौरस फुटांपर्यंत मोजून तयार होतात. जमीन मोजायला आपल्याजवळ यंत्रणा आहे आणि माणूस मोजायला नाही. मग कोण मूळचा आणि कोण परप्रांतीय, हे आपले अधिकारी कशाच्या आधारावर लिहितात? आडनावाच्या?

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माझ्या वर्गात तमिळ, तेलुगू, गुजराती, उर्दू आणि नेपाळी बोलणाऱ्या घरांतली मुले बसत आणि मी त्यांना ज्ञानेश्वरांच्या ओव्या शिकवल्या. ती मुले आज मराठीत भांडतात, मराठीत हिशेब करतात, मराठीत आपल्या मुलांना रागावतात. भाषा अशी वाढते, साहेब. त्या कामात आयुष्य घालवलेल्या बाईच्या फाइलवर परप्रांतीय लिहिले जावे, हा माझा अपमान आहे आणि मी तो गिळणार नाही.

माझे यजमान गेल्या श्रावणात गेले. शेवटचे आठ-दहा दिवस ते एकच विचारत होते, गच्चीचा दरवाजा लावला का? त्या वाड्याला गच्ची उरली नव्हती, हे मी त्यांना सांगितले नाही. रोज म्हणत होते, लावला. आमच्या नव्या वस्तीत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. खांदा द्यायला चार माणसे मिळतील की नाही या चिंतेत मी पहाटे फोन लावत बसले होते. सकाळी साडेआठला घड्याळवाल्यांचा मुलगा आला, मग सातारकर बंधू, मग मामींचे जावई; थोरल्या बेने इस्राएल ताई ब्याऐंशीव्या वर्षी रिक्षा करून 17 किलोमीटर आल्या. आमच्या वाड्यातली माणसे चार दिशांना विखुरली आहेत आणि आता आमची भेट मयतीलाच होते. "एकही जुना भाडेकरू पेठेबाहेर जाणार नाही" हे आपले वाक्य त्या सकाळी मला आठवले आणि आपल्याला पत्र लिहायचे मी त्याच दिवशी ठरवले होते. सुतकात ते राहून गेले. मंगळवारच्या शेऱ्यामुळे ते आज लिहून होत आहे.

माझे मागणे थोडके आहे. माझ्या फाइलवरचा तो शेरा लेखी रद्द करावा आणि तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना पुन्हा कोणाच्याही आडनावावरून मूळ गाव विचारता येणार नाही, असा आदेश काढावा. थकलेले भाडे विकसकाकडून वसूल करून 19 बिऱ्हाडांना द्यावे. आणि यापुढे कोणताही जुना वाडा पाडण्यापूर्वी त्यात त्या दिवशी राहणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, भाडेकरू असो, पोटभाडेकरू असो की कॉटवर झोपणारा असो, सरकारी नोंदवहीत चढवून त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच्या हातात द्यावी. या तिसऱ्या गोष्टीला निधी लागत नाही. एक वही, एक लिपिक आणि एक दिवस पुरतो.

पुढील सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. मामंजींच्या पावत्या, माझ्या शाळेचे सेवापुस्तक आणि आवक क्रमांकाचे तीन अर्ज घेऊन मी साडेदहाला हजर राहीन. उत्तर त्याआधी मिळावे.

उत्तर नव्या पत्त्यावर पाठवू नये. तिथली खोलीही मला चैत्रात सोडावी लागणार आहे. रास्ता पेठेतील आमच्या जुन्या पत्त्यावरच पाठवावे. वाडा नसला तरी पोस्टमन आमची पत्रे अजून समोरच्या किराणा दुकानात ठेवतात आणि दुकानदार प्रत्येक बिऱ्हाडाची पत्रे वेगळी बांधून ठेवतात.

आपली,
रास्ता पेठेतील एक भाडेकरू, निवृत्त शिक्षिका