या सुट्टीत येत नाही, त्याबद्दल

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी बाबा झोपले होते. दुसऱ्या वेळी आई, तू माझी गादी उन्हात टाकल्याचं इतक्या आनंदाने सांगत होतीस की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहिते आहे. मी या सुट्टीत घरी येत नाही. डिपार्टमेंटमध्ये शिकवण्याची इंटर्नशिप मिळाली आहे आणि मी ती घेतली आहे. फॉर्मवर सही करून परवाच दिला. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात आहे हे मला माहीत होतं. माहीत असूनही सही केली. हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं, म्हणून सगळ्यात आधी लिहिलं.

दादाशी बोलले आहे. तो आठवडाभर रजा टाकतो आहे. पहिल्या डोळ्याच्या वेळी मी काय काय करत होते ते सगळं त्याला लिहून पाठवलंय, अगदी बाबांना उशी कुठल्या बाजूला लागते तेसुद्धा. तरी मनात रुखरुख आहेच. ती जाणार नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही.

आता हे काम काय आहे ते नीट सांगते, कारण "तू स्वतः अजून शिकते आहेस, तू काय शिकवणार?" हा बाबांचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो आहे. बाबा, मी फळ्यासमोर उभी राहून व्याख्यान देणार नाही. पहिल्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स असतात, एका बॅचला चोवीस जण. सर एकटे किती टेबलांपर्यंत पोचणार? तिथे मी आणि माझ्यासोबतची आणखी एक मुलगी, अशा दोघी टेबलांमधून फिरणार. सुट्टीतले सहा आठवडे तयारीचे आहेत. प्रत्येक प्रयोग आम्ही नवख्यासारखा, छापील सूचनांवर बोट ठेवून करून बघायचा आणि कुठल्या वाक्याला मूल अडखळेल ते लिहून काढायचं. मग सत्र सुरू झालं की आठवड्यातल्या दोन दुपारी लॅब, एक तास सरांबरोबर त्या आठवड्याच्या प्रयोगाची चर्चा आणि एक तास शिकवावं कसं याचा वर्ग. मार्क देणं आमच्याकडे नाही, ते सरांकडेच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातात मार्क नाहीत त्याच्यापाशी मुलं "मला हे कळलं नाही" असं सरळ म्हणतात.

आणि हे कुणाच्या डोक्यात सहज आलं म्हणून चाललेलं नाही. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात २००३ पासून पदवीच्याच विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या वर्गांत 'लर्निंग असिस्टंट' म्हणून घेतात. तिथून ही पद्धत कितीतरी विद्यापीठांत गेली. आमच्याकडची आखणीही त्याच धर्तीवर आहे. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून वर्गातल्या मुलांना एकमेकांना समजावून सांगायला लावतात. त्यांचं म्हणणं असं की ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला ती कुठे अवघड होती हे अजून आठवत असतं; मुरलेला प्राध्यापक ते विसरून गेलेला असतो. बाबा, आकड्याशिवाय तुमचं समाधान होत नाही, तर तोही देते. २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवीच्या वर्गांचे. नुसतं व्याख्यान ऐकायच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. जिथे मुलांना वर्गातच बोलायला, सोडवायला लावलं, तिथे २२ च्या आसपास.

त्या ३४ मध्ये मी जवळजवळ होते. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी मी फोन लवकर ठेवायचे ते आठवतं? अभ्यास खूप आहे म्हणायचे. आई, तू एकदा विचारलंसही, आवाज असा का येतोय म्हणून, आणि मी सर्दी झालीय म्हणाले. सर्दी नव्हती. मला काहीच जमत नव्हतं. टायट्रेशन घ्या, म्हणजे ॲसिड किती आहे ते अल्कली मोजून सोडत काढायचं. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या खुणांच्या काचनळीतून, थेंब थेंब अल्कली सोडायची, खालचा फ्लास्क हलवत राहायचा, आणि फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. सगळ्यांचा फिका यायचा, माझा दर वेळी गडद. तीन रीडिंग जुळावी लागतात, माझी दोनसुद्धा जुळायची नाहीत. शेवटी शेजारणीच्या वहीतली रीडिंग उतरवून घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांनी त्या निळ्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहून दिलं होतं, त्याच्या बरोब्बर उलट मी वागले होते.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्वतःचं राहिलेलं काम पुरं करत होती. तिने माझं कुठे चुकलं ते सांगितलंच नाही. "शेवटचे पाच थेंब कसे सोडतेस, दाखव ना," एवढंच म्हणाली. मी दाखवलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "तोटी फिरवताना तुझा दुसरा हात थांबतोय." खरंच थांबत होता! फ्लास्क हलत नव्हता, थेंब एकाच जागी साचत होते आणि मी हलवेपर्यंत जास्तीचे पडून गेलेले असायचे. तोटीखाली हवेचा एक बुडबुडा अडकला होता, तोही तिने मलाच शोधायला लावला. पुन्हा केलं. रंग आला, इतका फिका की खाली पांढरा कागद धरल्यावरच दिसला. हलवला तरी गेला नाही. आम्ही दोघींनी तीस सेकंद मोजले, मोठ्याने.

ती त्या दिवशी तिथे होती हा योगायोग. पण एखादं मूल विज्ञानात टिकणार की नाही हे अशा योगायोगावर सोडायचं का? सत्रातल्या त्या दोन दुपारी कुणीतरी नक्की तिथे असणार आहे, एवढीच या इंटर्नशिपची गोष्ट आहे.

दादा म्हणाला, कंपनीत केली असतीस तर पुढे उपयोग झाला असता. संशोधनाच्या लॅबमध्येही एक जागा होती. दोन्हींचा विचार केला, खरंच केला. संशोधन पुढच्या वर्षी करता येईल. पुढे शिकायचं ठरलं तर शिकवणं करावंच लागतं, त्याची सवय आत्ताच होईल. माझा पायाही पक्का होईल, कारण दुसऱ्याला सांगताना आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. थोडं मानधन आहे, राहण्याचा खर्च त्यातून निघेल, तुम्हाला काही पाठवावं लागणार नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती नसती तरी मी हो म्हटलं असतं.

आई, माझी काळजी करू नकोस. खोली तीच आहे, मेस सुट्टीतही चालू असते, दोन्ही वेळचं जेवण गरम मिळतं. मैत्रीण शेजारच्याच खोलीत आहे. ॲसिडचं नाव काढलं की तू घाबरतेस म्हणून सांगते, पहिल्या वर्षाला वापरतात ते अगदी पातळ असतं. शिवाय गॉगल, एप्रन, बंद बूट यांच्याशिवाय लॅबमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. केस बांधते. तू घालायचीस तशी घट्ट वेणी मला अजून जमत नाही, पण बांधते.

बाबा, या कामाची माहिती देताना आम्हाला एक गोष्ट सांगितली. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी वर्गांच्या टेप ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलं लांब, विचार करून उत्तरं देतात, आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. हे ऐकलं आणि मला एकदम आपलं टेबल दिसलं. तुम्ही गणित विचारायचात आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचात. एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मला वाटायचं चष्मा सारखा मळतो. काच स्वच्छच असायची ना, बाबा? तुम्ही मला वेळ देत होतात.

आता तुम्ही दोघांनी माझं ऐकायचं. दोन वेगळ्या बाटल्यांतले थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये पाच मिनिटं गेली पाहिजेत, घड्याळ लावून. आधी हात धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. रात्री डोळ्यावरची ती वाटी लावूनच झोपायचं, टोचते म्हणून मागच्यासारखी उशीखाली सापडता कामा नये. डोळा चोळायचा नाही. खाली वाकून बादली उचलायची नाही. दुखायला लागलं, लाल झाला किंवा अचानक धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही. आई, तुझी बीपीची गोळी या धावपळीत चुकवू नकोस. आणि माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. मागच्या वेळचं दादाने मला सांगितलं आहे. रागावले नाही, पण चढायचं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी लॅबमध्ये फोन आत नेता येणार नाही, पण दर तासाला बाहेर येऊन बघेन. दादाला म्हणावं, बाबा बाहेर आले की आधी मेसेज टाक, मग बाकीच्यांना कळव.

नव्या चष्म्याचा नंबर डॉक्टर सांगतील तेव्हाच काढायचा, घाई नको. आणि जुना चष्मा टाकून देऊ नका. लांबचं त्याच्याशिवाय दिसायला लागलं तरी घरात असू दे. मला हवा आहे.

तुमची,
माऊ

ता. क. आई, गादी गुंडाळून ठेवू नकोस. सहा आठवडे संपले की सत्र सुरू व्हायच्या आधी चार दिवस मिळतात. तिकीट काढलं आहे.