मारा नदीकाठच्या आमच्या वाटाड्यास

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहीत आहे, कारण केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातले तीनही दिवस आई तुमच्याशी मराठीतच बोलत होती आणि तुम्हीही तिला न अडखळता स्वाहिलीत उत्तरे देत होतात. गाडीला तुम्ही ‘गारी’ म्हणता आणि आंब्याला ‘एम्बे’, हे कळल्यावर तर तिला दुभाष्या म्हणून माझी गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल आभार मानायचे आहेत आणि माफीही मागायची आहे. वायरलेसवर ‘दुमा’, म्हणजे चित्ता, हा शब्द ऐकू आला, तसा मी कॅमेरा सरसावून बसलो. चित्त्याची मादी आणि तिची तीन पिल्ले एका वारुळापाशी होती. मात्र भोवती पाच गाड्या आधीच उभ्या असल्याने तुम्ही बरेच अलीकडे थांबून इंजिन बंद केलेत. एका जनावराभोवती पाचांहून अधिक गाड्या नकोत हा तिथला नियम मला ठाऊक होता, तरीही इतक्या लांबून येऊन दुर्बिणीतच पाहायचे का, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. “ती उपाशी आहे,” एवढेच तुम्ही म्हणालात आणि थोड्या वेळाने गाडी वळवलीत. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, त्यामुळे आमच्यासारख्यांची गर्दी थेट त्याच्या जेवणाच्या वेळेत आडवी येते. गर्दीच्या भागांत त्याची कमी पिल्ले वाढतात, असे माऱ्यातल्याच अभ्यासात आढळल्याचे मी घरी परतल्यावर वाचले. आमच्याकडे वाघ दिसला की जिप्सींची जी कोंडी होते, तिच्यात मीही अनेकदा हौसेने बसलेलो आहे. त्यामुळे तुमचा तो नकार मला अजून आठवतो.

विल्डबीस्टांनी, म्हणजे त्या गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांनी, नदी ओलांडलेली आम्हांला दिसली नाही. कळप दोन तास काठावर उभा राहिला आणि परत फिरला. गाडी पुढे घेऊन त्यांची वाट अडवायला तुम्ही तिथेही तयार नव्हता.

त्या दुपारी मसाई कुटुंबांनी भाड्याने दिलेल्या, अभयारण्याला लागून असलेल्या राखीव रानात तुम्ही आम्हांला पायी नेलेत. एका काटेरी बाभळीवरची काळी, पोकळ गाठ तुम्ही काठीने ठोकलीत, तेव्हा तिच्या भोकांतून मुंग्या भराभर बाहेर आल्या. जिराफाने पाला ओरबाडायला तोंड घातले की याच मुंग्या त्याला चावतात, आणि वारा सुटला की या भोकांतून शीळ वाजते, हे तुम्ही आधी सांगितलेत आणि मग आम्हांला गप्प उभे राहायला लावलेत. शीळ खरोखरच ऐकू आली. त्या तीन दिवसांत मी काढलेल्या शेकडो छायाचित्रांपैकी एकातही ती नाही, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

संध्याकाळी तुम्ही आम्हांला तुमच्या आईंच्या घरी नेलेत. काटेरी कुंपणाच्या आत, रात्री गुरे बांधतात त्या आवाराच्या कडेला ते बुटके घर होते. तुमच्याकडे घर बायकाच बांधतात, हे ऐकून आईने भिंतीवर हात फिरवला, शेण ओळखले आणि मातीचे प्रमाण किती, असे खुणेने विचारले. साताऱ्याकडच्या आमच्या जुन्या घरात तिने तीस वर्षे सारवण केलेले आहे. दोघी म्हाताऱ्या भिंतीपाशी बसून हातवारे करत राहिल्या, तुम्ही मात्र दाराशी उभे राहून हसत होतात आणि निघायची घाई करत नव्हतात, जरी अंधार पडण्यापूर्वी आम्हांला तंबूवर पोहोचवण्याची जबाबदारी तुमचीच होती.

तुमच्या आईंनी दिलेला लाल शुका, म्हणजे तुमच्याकडचे अंगावर घ्यायचे वस्त्र, आई पहाटे देवपूजेला बसताना खांद्यावर घेते. पावसाळ्यात भिंतीला भेगा पडतात का, हे त्यांना विचारायचे राहून गेले, एवढा तिचा निरोप आहे.

तुमच्या मसाईंच्या ‘मा’ भाषेतले दोनच शब्द मला नीट येतात, ते इथे लिहितो : आशे ओलेंग, खूप खूप आभार.

आपला,
मागच्या सीटवरचा, चढ्या आवाजाचा प्रवासी