ऊर्जामंत्री साहेब, डीपी बदलून देऊ नका, टिकेल अशी द्या

मा. ऊर्जामंत्री साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शेतकरी, साडेचार एकर वावर आहे, हरभरा आन गहू पेरलाय. आमची डीपी, म्हणजे मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळून आज अकरावा दिवस. या रब्बीत ही तिसऱ्यांदा जळली. ऑफिसात गेलं की एकच उत्तर, ट्रान्सफॉर्मर शिल्लक नाही, नंबर लागला की देऊ. मागच्या वेळी तर आम्हीच वर्गणी केली, ट्रॅक्टर-ट्रॉली नेली आन गोडावूनमधून डीपी उचलून आणली. रिपेरीची होती, वीस दिवसात गेली.

आता ती काऊन जळते ते सांगतो. डीपी ६३ केव्हीए ताकदीची आहे. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट, हिशोब केला त ती फार तर बारा-तेरा मोटरी ओढेल, आन आमच्या डीपीवर तेवीस आहेत. त्यातल्या चार आकडा टाकून चालतात, ते मी लपवत नाही, पण बाकीच्या एकोणीस जणांनी कनेक्शनचं डिमांड रीतसर भरलंय, त्यांना कनेक्शन देताना कोणी लोड बघितला का? त्यात मोटरीची थ्री फेज लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रातच्याला, म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो लावलेत, लाईन आली की तेवीसच्या तेवीस मोटरी एकाच टायमाला उठतात, आन सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा पाच-सहा पट करंट खेचते.

जळायच्या आधी मी खालून बघितलं होतं. ब्रीदरमधले, म्हणजे डीपीत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणाऱ्या डबीतले, दाणे निळे पाहिजेत, ते पार पांढरट गुलाबी पडले होते, म्हणजे ओल आत जाऊन राहिली. बुशिंगपासून, म्हणजे तारा जोडतात त्या चिनी मातीच्या दांड्यापासून, ऑइलचा ओघळ थेट खांबापर्यंत आलेला. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाच्यात, फ्यूज तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळलेली, मग फ्यूज उडायच्या ऐवजी डीपीच उडणार ना! लाईनमनचा राग नाही साहेब, एका पोराकडं किती गावं आहेत ते आम्ही रोज बघतो.

२९२० मेगावॅटचं चंद्रपूरचं वीज केंद्र आमच्याच विदर्भात आहे. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, दिवसा वीज मिळावी म्हणून, चांगलीच गोष्ट आहे. पण सोलरची वीज बी शेवटी याच डीपीतून मोटरीवर येणार.

२००३ च्या वीज कायद्यात कलम ५७ आहे, सेवा ठरल्या वेळेत नाही दिली त भरपाई. खेड्यात जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासात बदलायचा असा नियम आहे. पण तक्रारीची पावतीच कोणी देत नाही, मग ४८ तास कधीपासून मोजायचे? पावतीवर तारीख आन टाइम टाकून द्या, एवढं तर तुमच्या एका आदेशाने होईल.

आन नवीन डीपी बसवायच्या आधी लोड मोजा. जास्त निघाला त शेजारी दुसरी डीपी द्या, मोटरी वाटून घेऊ, आकडेवाल्यांना आम्ही स्वतः कनेक्शन घ्यायला लावू. ऑइल, ब्रीदर, अर्थिंग, फ्यूज हे सगळं दरवर्षी दसऱ्याच्या आत तपासून घ्या, एकदा रब्बीचं पाणी सुरू झालं की लाईन बंद ठेवायला कोणालाच जमत नाही.

हरभरा घाट्यावर आहे, गहू पोटरीवर. विहिरीत पाणी आहे. मोजणीला माणूस पाठवाल तेव्हा एक दिवस आधी कळवा, आम्ही तेवीसही जण डीपीखाली हजर राहू.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक शेतकरी